माझ्यावाचून अडू नये

माधवदादांच्या घरी मी सहा वर्षं स्वयंपाक केला, आणि त्यांचं काम नेमकं काय होतं हे मला आजही धड सांगता येणार नाही. एवढं माहीत आहे की कॉम्प्युटरनं काय करायचं ते ते लिहून देत. त्याला कोड म्हणतात. कंपनी पुण्याची, काम परदेशातल्या दवाखान्यांचं, आणि दादा बसायचे इथं हर्सूलला, तिसऱ्या मजल्यावर, पुढच्या खोलीत, खिडकीकडं पाठ करून. कोणत्या पेशंटनं कोणत्या दिवशी किती वाजता यायचं याची यादी तिकडच्या दवाखान्यांत आपोआप तयार व्हायची. ती यादी बिघडू न देणं हे दादांचं काम. तो देश त्यांनी कधी पाहिला नव्हता.

मी सकाळी आठला जायचे. रेखावहिनी, म्हणजे त्यांची बायको, वाळूजच्या एका कारखान्याच्या ऑफिसात होत्या. मी जिना चढायचे तेव्हा त्या बस पकडायला उतरत असायच्या. म्हणजे घरात आम्ही दोघंच, स्वयंपाकघरात मी आणि पुढच्या खोलीत दादा. पहिले आठ दिवस मी बाहेरचं दार उघडं ठेवूनच काम केलं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. नवव्या दिवशी दारापाशी फरशीचा एक जड तुकडा आणून ठेवलेला दिसला, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. 

त्यांचं गाव देवगाव रंगारी. माझं माहेर तिथून जवळच्या एका वस्तीवरचं, आमची मेंढरं होती. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, मग मेंढरांमागं. गाव जवळचं निघालं म्हणून कामाला ठेवलं का, असं मी एकदा वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही हो ताई. त्यांना कमी बोलणारी बाई पाहिजे होती. आणि मग तेच तुमच्याशी बोलत बसतात."

ते खरं होतं.

दादा उंच, थोडे वाकलेले, चाळिशीच्या आसपासचे. डाव्या हाताच्या अंगठ्यानं चष्मा वर सारायची सवय. जेवताना ताटाकडं बघायचे नाहीत. भाजीत मीठ जास्त झालं तरी कळायचं नाही, पण फ्रीजचा आवाज जरासा बदलला की उठून यायचे. घरात जिथं तिथं चिठ्ठ्या लावलेल्या. गिझरवर चिठ्ठी: आधी हे बटण, मग ते. गॅसच्या टाकीवर चिठ्ठी: कधी बसवली. कपाटात औषधांचा डबा, त्यावर चिठ्ठी: कशासाठी, किती, कुणी घ्यायचं नाही. पहिल्यांदा मी त्या चिठ्ठ्यांना घाबरले. वाचायची सवय गेली होती. पण त्यांचं अक्षर मोठं आणि सुटं होतं, आणि वाक्यं लहान. दोन महिन्यांत मी सगळ्या वाचल्या.

"दादा, एवढं लिहून काहून ठेवता? तुम्ही तर घरीच असता," मी एकदा म्हटलं.

"मी नसलो तर? माणसानं असं काम करावं की माझ्यावाचून अडू नये."

हे वाक्य ते येता-जाता म्हणायचे. ऑफिसच्या फोनवर तरुण पोरांना सांगायचे, वहिनींना सांगायचे. वहिनी म्हणायच्या, "आमच्याकडं तर तुमच्यावाचून काहीच अडत नाही, बघा!" आणि दोघंही हसायचे.

एकदा त्यांनी माझी भाकरी लिहून घ्यायचं ठरवलं. मी पंधरा दिवस गावी जाणार होते. टेबलावरून वही आणली आणि ओट्यापाशी स्टुलावर बसले.

"सांगा. पहिल्यापासून."

"काय सांगायचं? पीठ घ्यायचं, गरम पाण्यात मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायचं, भाजायचं."

"गरम म्हणजे किती?"

"गरम म्हणजे गरम."

"बोट घालवेल इतकं, की नाही घालवणार इतकं?"

मी विचारात पडले. इतकी वर्षं भाकऱ्या केल्या, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि मग मला बाजूला उभं करून, वहीत बघत, एकेक ओळ तशीच्या तशी करत गेले. वहीत नाही ते करायचं नाही, असा त्यांचा नियम. भाकरी तव्यावर पडली आणि थोड्या वेळानं मधोमध तडकली.

"वरून पाणी नाय लावलं तुम्ही," मी म्हटलं.

"तुम्ही सांगितलंच नाही."

"ते काय सांगायचं असतं व्हय? हात आपोआप लावतो."

ते एकदम खूश झाले. "तेच तर, ताई! हात आपोआप करतो ना, तेच लिहायचं राहतं. आमच्या कामात सगळी भानगड तिथंच होते." तडकलेली भाकरी त्यांनी तशीच दुधात कुस्करून खाल्ली आणि वहीत एक ओळ वाढवली. मी परत आले तेव्हा वहिनींनी सांगितलं, पंधरा दिवस भाकरी यांनीच केली, आणि बरी केली.

त्यांचं काम अडलं की मला कळायचं. काम सरळ चालू असलं की कीबोर्डचा आवाज सलग यायचा, पत्र्यावर ज्वारी ओतावी तसा. अडलं की बंद. मग खुर्ची मागं सरकायची, आणि हाक यायची, "ताई, पाच मिनिटं येता का?"

पहिल्यांदा मला वाटलं चहा पाहिजे.

"चहा नको. नुसतं ऐकायचं. कळलं नाही तरी चालेल. सांगता सांगता माझं मलाच सापडतं."

मी पिठाचे हात तसेच धरून दारात उभी राहायचे. ते माझ्याकडं नाही, माझ्या खांद्याच्या वरती भिंतीकडं बघत बोलायचे. "हे बघा, एक बाई आहे. तिला मंगळवारी दहाला बोलावलंय. पण यादीत ती दोनदा दिसतेय, दहाला आणि अकराला. मी दहाचं खोडलं की दोन्ही जातात. आता असं का व्हावं?"

"एकाच नावाच्या दोघी असतील," माझ्या तोंडून निघून गेलं. निघालं आणि लाज वाटली.

"नाही ताई, प्रत्येकीला नंबर असतो. बाई एकच आहे. तास दोन आहेत. तास..." आणि ते थांबले. अंगठ्यानं चष्मा वर गेला. "घड्याळ! सापडलं. जा तुम्ही, जा."

मग जेवताना सांगितलं. तिकडं म्हणे वर्षातून दोनदा सगळा देश आपली घड्याळं एक तास पुढं-मागं करतो. मला वाटलं चेष्टा करतायत. "एवढी शिकलेली माणसं, आणि घड्याळ हातानं फिरवतेत?" मी म्हटलं. ते इतके हसले की ठसका लागला. संध्याकाळी वहिनींनाही सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी जिन्यात त्या मला म्हणाल्या, "ताई, काल तुम्ही अख्ख्या देशाला शिव्या दिल्या म्हणे!"

कंपनीच्या कामाशिवाय त्यांचे घरचे उद्योग वेगळे. टेबलाच्या खालच्या खणात वायरी, लहान लहान हिरव्या पट्ट्या, बॅटऱ्या. रविवारी ते त्यातच. बहुतेक गोष्टी अर्ध्यात राहायच्या, पण पाण्याची घंटा पूर्ण झाली. आमच्या शहरात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, आणि कधी येईल त्याचा नेम नसतो. बिल्डिंगच्या खाली जमिनीतली टाकी. दादांनी त्या टाकीत काहीतरी बसवलं. पाणी पडायला लागलं की बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या मोबाइलवर घंटा वाजणार.

पहिल्याच आठवड्यात भर दुपारी घंटा वाजली. बाया हंडे-बादल्या घेऊन खाली धावल्या. नळ कोरडा. खाली शेखचाचा होते, बिल्डिंगची मोटर आणि गेट सांभाळायचे. ते जोरात ओरडले, "माधवभाई, पानी तो नहीं आया, पब्लिक आ गई! अब इन को क्या पिलाऊं?"

टाकीच्या झाकणाला आतून घाम धरला होता, त्याचे थेंब पडले आणि यंत्राला वाटलं पाणी आलं. दादा प्रत्येक घरी जाऊन माफी मागून आले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दारातच ऐकवलं, "माझा वरणाचा गॅस चालू राहिला, पातेलं करपलं!" तर दादा ते पातेलं घासायला मागू लागले. मग यंत्र दुरुस्त केलं, आणि मोटरच्या खोलीत एक मोठा कागद चिकटवला, हिंदीत, चित्रं काढून. बिघडलं तर काय करायचं. पुढच्या वेळी बिघडलं तेव्हा दादा गावी होते, आणि चाचांनी तो कागद बघून स्वतः नीट केलं. दादा आले तर चाचा छाती काढून सांगू लागले, "अपुन ने बनाया." त्या दिवशी दादांचा चेहरा असा होता की जणू कुणी त्यांनाच बक्षीस दिलंय.

मग ते एआय आलं.

सुरुवातीला दादांना त्याचं कौतुकच वाटलं. मला बोलावून दाखवलं. "बघा ताई, मी नुसतं सांगितलं असं असं पाहिजे, आणि त्यानं लिहिलं." पडद्यावर ओळी झरझर उतरत होत्या. मी म्हटलं, "मग तुम्ही काय करणार?" ते म्हणाले, "चुका काढणार. लई चुका करतं ते." आणि खरंच पहिले काही महिने ते दिवसभर त्याच्या चुका काढत बसायचे आणि रंगून मला सांगायचे. हळूहळू चुका कमी झाल्या. मला हाक मारणंही कमी झालं. आता अडलं की ते त्यालाच विचारायचे. कीबोर्डचा आवाज तुटक झाला. एक टिचकी, बराच वेळ शांतता, पुन्हा एक टिचकी. मी एकदा विचारलं, "आज अडलंय काय दादा?" तर म्हणाले, "नाही. ते लिहितंय. मी हो म्हणतोय."

मग कंपनीतून सांगणं आलं की प्रत्येकानं आपापल्या कामाच्या नोंदी गोळा करून द्यायच्या, म्हणजे एआयला कामाची माहिती होईल. बाकीच्यांनी दोन दिवसांत दोन-चार पानं दिली असतील. दादांकडं नऊ वर्षांच्या नोंदी होत्या. यादी कुठं बिघडते, का बिघडते, कशी नीट करायची, कुठल्या दवाखान्याची काय तऱ्हा. ते सगळं नीट लावायला त्यांना दोन महिने लागले.

त्या दिवसांत वहिनींना एकदा सुट्टी होती. दोघांचं बोलणं मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

"अहो, सगळं देऊ नका. थोडं पोटात राहू द्या."

"पोटात ठेवून काय करू?"

"बाकीचे काय वेडे आहेत? त्यांनी का नाही दिलं?"

"रेखा, तिकडं एखादी म्हातारी चुकीच्या दिवशी दवाखान्यात जाऊन बसली, तर? मी फोनवर नसलो, तर?"

"म्हातारी, म्हातारी! त्या म्हातारीला तुमचं नाव तरी माहीत आहे का?"

 थोड्या वेळानं कीबोर्डचा आवाज सुरू झाला, पूर्वीसारखा, सलग.

नोंदी दिल्या. त्यानंतर महिनाभरानं त्यांनी मला हाक मारली. पुष्कळ दिवसांनी मारली, म्हणून मी तवा उतरवून गेले. पडद्यावर इंग्रजी होतं. "पुण्यातल्या एका नव्या मुलीनं एआयला विचारलंय, यादी अडलीय, काय करू. त्यानं काय उत्तर दिलंय वाचतो." आणि मराठीत करून वाचलं, "हात लावण्याआधी यादी एकदा पूर्ण वाचा. बहुतेक वेळा तिथंच कळतं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हे माझं वाक्य आहे. शब्दाला शब्द."

"मग चांगलंच की," मी म्हटलं.

"चांगलंच," ते म्हणाले. आधी हसले. मग पडद्याकडं बघत राहिले आणि मी परत गेले तरी टिचकी वाजली नाही.

तीन आठवड्यांनी त्यांना कळवलं की तुमच्या विभागाचं काम आता बाकीची मंडळी स्वतः करू शकतात. तुमच्या नोंदी फार उत्तम आहेत, असंही म्हणाले. ते त्यांनी वहिनींना सुट्टीच्या दिवशी सांगितलं तेव्हा मी भांडी घासत होते. वहिनी ओट्यापाशी आल्या आणि मी घासलेली भांडी पुन्हा विसळू लागल्या.

शेवटचा दिवस शुक्रवार होता. संध्याकाळी सहापर्यंत कंपनीचा लॅपटॉप चालू राहील, असं त्यांना सांगितलेलं. सकाळपासून ते लिहीत होते. मी चहा ठेवायला गेले तर म्हणाले, "एक दवाखाना राहिलाय. त्या भागात घड्याळ फिरवतच नाहीत. बाकी देश फिरवतो, ते नाही. हे मी कुठं लिहिलंच नाही, ताई. नऊ वर्षं माझ्या डोक्यातच होतं. हात आपोआप करत होता." आणि पुन्हा लिहायला लागले.

दुपारी बारालाच पडदा बंद झाला. काळा नाही झाला, निळा झाला आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. त्यांनी तीन-चारदा काहीतरी दाबलं. मग पुण्याच्या सरांना फोन लावला. पलीकडचा आवाज मोठा होता, मला दारातून ऐकू येत होता.

"सर, एकच ओळ राहिलीय. पाच मिनिटं उघडून द्या."

"माधव, आता सिस्टीमनं बंद केलं ना. टेन्शन नको घेऊस. एआय बघून घेईल."

"त्याला ते माहीत नाही, सर. मी आत्ता..."

"अरे, रिलॅक्स. थँक यू फॉर एव्हरीथिंग."

त्यांनी ती ओळ एका कागदावर लिहिली आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवली. उत्तर आलं नाही. सोमवारी एक माणूस येऊन कंपनीचा लॅपटॉप घेऊन गेला. दादांनी त्याला पिशवीत ठेवताना पडदा कसा धरायचा ते सांगितलं.

तिकडं घड्याळ फिरवायचा दिवस पुढं महिन्याभरानं होता. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते मोबाइल समोर ठेवून बसले. मला वाटत होतं फोन यावा. काहीतरी अडावं आणि त्यांनी दादांना बोलवावं. दोन दिवस कुणाचाही फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच त्या सरांना मेसेज केला, सगळं ठीक ना म्हणून. त्यावर एक अंगठा आला.

"अडलं नाही," ते मला म्हणाले. "किंवा अडलं असेल आणि कुणाला कळलं नसेल."

गावी काही सांगितलं नव्हतं. त्यातच एक दिवस आप्पा आले, दादांचे वडील. डोळे तपासायला. तीन दिवस राहणार होते. आप्पांना पोराच्या कामाचं भारी कौतुक. गावात सांगायचे, माझा माधव घरात बसून परदेशातले दवाखाने चालवतो. ते आले त्या सकाळी दादा दाढी करून, आपला जुना लॅपटॉप उघडून टेबलापाशी बसले. मला आत येऊन हळूच म्हणाले, "ताई, आप्पांना..."  मी मान हलवली.

तीन दिवस आप्पा खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसून होते. दादा काहीतरी लिहायचे, पुसायचे. मधूनच कुणाशी बोलल्यासारखं "हं, हं" करायचे.

"हे काय चाललंय आता?" आप्पा विचारायचे.

"पेशंटची यादी, आप्पा."

"किती पेशंट?"

"असतील दोन-तीन हजार."

"अबब. आन सगळ्यांची नावं तुला ठावं?"

"नाही, नंबर असतात."

"ह्यो दिवा काहून लुकलुकतोय?"

"चार्जिंगचा आहे तो."

"आन हे?"

दादा सगळ्याला उत्तर द्यायचे, शांतपणे, आप्पांकडं वळून. मी आत भाकरी थापत होते आणि मला ते ऐकवत नव्हतं.

आप्पा निघाले तेव्हा दादा रिक्षा बघायला पुढं गेले, आणि आप्पांची पिशवी घेऊन मी जिना उतरत होते. दुसऱ्या मजल्यावर ते कठड्याला धरून थांबले.

"पोरी, त्याचं काम गेलंय ना?"

 मी पिशवीचा बंद धरून उभी राहिले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? मागं आलो व्हतो तवा मी नुसता दारात उभा राहिलो तर खेकसला माझ्यावर. 'आप्पा, मधी बोलू नका, तार तुटते.' आवंदा तीन दिस कानापाशी बडबड केली, एकदाबी कावला नाय. कामातला माणूस कावतो." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. औषध घातलेलं होतं, पाणी येतच होतं. "त्याला म्हणू नको मला कळलंय म्हनून. लई मेहनत घेतली त्यानं तीन दिस."

खाली रिक्षात बसताना ते मोठ्यानं म्हणाले, "जा, जा वर. तुझं काम खोळंबल." दादा म्हणाले, "हो आप्पा." मी हे दादांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढचे सात-आठ महिने मला सलग आठवत नाहीत. रोज सारखेच होते. ते अर्ज पाठवायचे. बहुतेकांचं उत्तर यायचं नाही. मधूनच खालचा खण उघडून वायरी काढायचे, म्हणायचे आता स्वतःचंच काहीतरी उभं करतो. दोन दिवस चालायचं. तिसऱ्या दिवशी म्हणायचे, "हे एआयला सांगितलं तर तासात करून देईल," आणि खण बंद. चिठ्ठ्या लिहिणं थांबलं. नवीन गॅसची टाकी आली तिच्यावर तारीख नव्हती. दुपारी झोपू लागले. मी त्यांना कधी झोपलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळं मी पावलं न वाजवता काम करायचे. वहिनी सकाळी उतरताना थांबून विचारायच्या, "काल जेवले का?" मी सांगायचे, जेवले. कधी जेवलेले असायचे, कधी नसायचे.

एकदा ते मला म्हणाले, "ताई, मला वाईट याचं नाही वाटत की काम गेलं. काम त्याला माझ्याइतकंच येतं. मग इतकी वर्षं मी जे करत होतो ते काय होतं?"  पूर्वी ते माझ्यापाशी बोलायचे तेव्हा त्यांचं त्यांना सापडायचं. त्या दिवशी मी बराच वेळ उभी राहिले. त्यांना काही सापडलं नाही.

मग एका चांगल्या कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. या मुलाखतीनंतर चार दिवसांनी वहिनींचा फोन आला की आता कामाला येऊ नका, आम्ही दोघं नाशिकला माझ्या भावाकडं राहायला चाललोय. मधले दिवस मी गावी गेले होते, त्यामुळं दादांना शेवटचं पाहिलं ते मुलाखतीच्याच दिवशी.

मुलाखत अकरा वाजता होती, लॅपटॉपवरच. आधी बोलणं, मग त्यांनी दिलेला एक प्रश्न त्यांच्यासमोर पाऊण तासात सोडवायचा. वहिनींनी सकाळी जिन्यातच बजावलं, "ताई, आज कुकर लावू नका. मिक्सर नको. फोन बंद ठेवा." दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला म्हणाले, "तासभर. मग सगळं करा."

मी स्वयंपाकघराच्या फरशीवर मेथी निवडत बसले. डाळ धुऊन कुकरमध्ये तशीच. थोडं बोलणं झालं, मग आवाज थांबले. आणि मग ते लिहायला लागले. एकदाही न थांबता. मेथीची जुडी संपली तरी चालूच होतं. मी हात जोडले नाहीत, पण मनात तेच होतं. पाऊण तास व्हायला पाच मिनिटं होती तेव्हा ते थांबले. पलीकडून एका तरुण मुलाचा आवाज आला, अदबीचा. "सर" तेवढं मला कळत होतं. पुन्हा पुन्हा सर म्हणत होता. मग बंद.

दादा दारात आले. "ताई, कुकर लावा."

"झालं?"

"झालं."

"आलं सगळं?"

"सगळं आलं. एकही चूक नाही."

"मग?"

त्यांनी माझ्यासमोरच्या ढिगातली मेथीची एक काडी उचलली. "त्यांनी आधीच सांगितलं होतं, एआय वापरलं तरी चालेल."

"मग वापरलं नाय तुम्ही?"

"मला वाटलं पारखतायत. परीक्षेत कुणी पुस्तक उघडतं का?" काडीची पानं त्यांनी एकेक करून काढली. "मुलगा चांगला होता. म्हणाला, सर, इतकं स्वच्छ काम मी पाहिलं नाही. पण आमच्याकडं आता हातानं कुणी लिहीत नाही. तुम्ही त्याच्याकडनं किती लवकर करून घेता, ते आम्हाला बघायचं होतं."

"मग सांगायचं ना, तेबी येतं म्हणून."

"सांगितलं. वेळ संपली होती."

पानं ढिगात टाकली, काडी हातात तशीच. "मी जरा खाली जाऊन येतो," म्हणाले, आणि चपला घालून गेले. मोबाइल टेबलावरच होता.

मी कुकर लावला. डाळ झाली, भाजी झाली, भाकऱ्या झाल्या. ताट झाकून ठेवलं. ते आले नाहीत. एक वाजून गेला तेव्हा मी दार ओढून खाली उतरले.

बिल्डिंगसमोरच्या मोठ्या रस्त्याच्या कडेला ते उभे होते, पलीकडं जायला थांबल्यासारखे. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. दोन रिक्षा गेल्या, एक टँकर गेला. मग रस्ता दोन्हीकडून मोकळा झाला. ते तसेच उभे. पुन्हा गाड्या आल्या, गेल्या, पुन्हा मोकळा झाला. ते उजवीकडं बघायचे, डावीकडं बघायचे, आणि पाय उचलत नव्हते.

"दादा, ताट झाकून ठेवलंय," एवढं मोठ्यानं म्हणायचं होतं. मला रस्त्यात मोठ्यानं हाक मारता येत नाही. मी थोडा वेळ गेटच्या आत थांबले. मग माझी बस आली.